घर कोणतं, घेणारा कोण

आमच्या गल्लीत कुणी सिंगापूरला जाऊन आलं की महिनाभर त्याचंच कौतुक ऐकावं लागतं. मी ऐकते, चहा पाजते आणि मनात म्हणते, बाई गं, मी वाटूरला जाऊन आले, त्याचं तुला कोण सांगणार? जालन्यातून निघायचं, जालना जिल्ह्यातच फिरायचं आणि जालन्यालाच परत यायचं, याला काय प्रवास म्हणतात का, असं आमचे हे विचारायचे. म्हणतात. कसं ते सांगते. तुम्ही फक्त मधे मधे जांभया देऊ नका.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी वैशाली. औरंगाबादला कम्प्युटरचं शिकली आणि तिथल्याच एका लहानशा संस्थेत लागली. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मोसंबीवाल्यांचे गट करायचे, व्यापाऱ्याला उक्ती बाग, म्हणजे झाडावरच ठोक भावात, न देता त्यांनी आपलं फळ आपणच गाडीत भरून धाडायचं, असं त्या संस्थेनं मनावर घेतलं होतं. तीन गावांत तीन मशीन बसवल्या, चौथी जालन्याच्या ऑफिसात. टेलिफोनच्या तारेतून एक मशीन दुसरीला शिट्ट्या घालायची आणि निरोप द्यायची, उद्या गाडी येते, फळ तोडा. नाहीतर, गाडी नाही, तोडू नका. आता ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगते, मोसंबी झाडावर राहते हो, पण तोडल्यावर दम धरत नाही. गाडी येणार म्हणून फळ उतरवलं आणि गाडी आलीच नाही, तर ते उन्हात सुकतं, आणि व्यापारी येऊन नाक मुरडत मागेल त्या भावात उचलतो.

मशीनींनी आपसात कसं बोलायचं याचे नियम वैशालीनं स्वतः लिहिले होते. आधी हाक कुणी मारायची, आपलं नाव कसं सांगायचं, निरोप कुणाचा ते कुठं लिहायचं, आणि समोरच्यानं 'पोहोचला' कधी म्हणायचं. पोरगी वर्षभर त्यातच बुडालेली. आता संस्थेच्या साहेबांनी सांगितलेलं, तुमच्या या निरोपावर एक खरी गाडी भरून दाखवा. भरली तर बाकीच्या तालुक्यांत मशीन बसवू. नाही भरली तर आहेत त्या उचलून आणा, आणि तुम्ही दुसरं काम बघा.

एकटी पोरगी खेड्यापाड्यांत फिरणार, म्हणून बहिणीनं मला सोबत धाडलं. मला काय, निमित्तच पाहिजे होतं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं मी मुलांची पुस्तकं त्यांच्या आधी वाचून उरकलं. त्यामुळं मला न कळणारं काही दिसलं की मी विचारल्याशिवाय राहत नाही. बसमधे बसल्या बसल्या मी तिला धरलंच.

"तुझ्या त्या पुस्तकात दोन शब्द सारखे सारखे दिसतात बघ. होस्ट, आणि दुसरा तो एंड काहीतरी."

"एंडपॉइंट. होस्ट म्हणजे ती मशीन, जिच्यात सगळं राहतं. एंडपॉइंट म्हणजे जिथं बोलणं जाऊन थांबतं ते शेवटचं टोक."

"मग दोन्ही निराळे, की एकच?"

"पुस्तकात निराळे. माझ्या नियमांत एकच. एका गावाला एक मशीन, तिला एक नंबर. कशाला उगाच घोळ, मावशी?"

मी म्हटलं, बरं. खिडकीबाहेर शाळू कापणीला आला होता, करडई काट्यांसकट पिवळी झाली होती आणि बांधावर पळस फुलला होता. इतकं बघायला असताना त्या टोकाचा मी तरी कुठं विचार करू?

वाटूर

वाटूरची मशीन किशनलालजींच्या बी-बियाणाच्या दुकानात होती. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले. किशनलालजी आपल्यासारखंच मराठी बोलतात, हिशेब मात्र मारवाडीत करतात. मशीन चालवायची त्यांची सून, मधू. डोक्यावर पदर, आणि बोटं अशी चालायची की मी बघतच राहिले.

जेवायला तिनं बेसनाच्या गट्ट्यांची भाजी केली होती. आपल्याकडं 'वाढू का?' म्हणून विचारतात, पाहुणा 'नको नको' म्हणतो, आणि मग वाढतात. यांच्याकडं विचारण्याची भानगडच नाही. ताटावर हात आडवा धरला तर हाताशेजारून तूप ओततात. माझ्या मनगटावरून ओघळलं, साडीला लागलं. मधू म्हणाली, "मावशीजी, हे तर आमच्यात शुभच समजतात." शुभ असेल बाई, पण तो डाग अजून निघालेला नाही.

हात धुतो न धुतो तोच दुकानात आरडाओरडा सुरू झाला. वाटूरच्या त्या एका मशीनीवर आसपासच्या वाड्यांचे चार गट होते. जालन्याहून सकाळी चाचणीचा निरोप सुटला होता, उद्या गाडी नाही, फळ तोडू नका. तो होता विठ्ठल नावाच्या माणसाच्या गटाला. पण दुकानात आधी आला उत्तम, दुसऱ्याच गटाचा. त्यानं वाचला, आपलाच समजला, आपले मजूर घरी धाडले आणि निवांत विडी ओढत बसला. विठ्ठलचे मजूर तिकडं गाडी येणार म्हणून झाडाला भिडलेले. तोडू नका म्हणून आलंय हे त्यांना कोण सांगणार? नशीब, नुकतीच कुठं सुरुवात झाली होती.

"ओ मॅडम," विठ्ठल वैशालीला म्हणाला, "तुमची मशीन म्हणून राह्यली पोहोचला. कोणाला पोहोचला? मह्यापर्यंत तर न्हाई आला!"

"वर नुसतं वाटूरचा गट म्हणून लिहिलं होतं," उत्तम म्हणाला. "मी काय वाटूरच्या गटात न्हाई का?"

"तू तर लग्नाच्या पत्रिकेवर सहकुटुंब लिहिलं तर बैलं बी घेऊन येशील जेवायला!"

किशनलालजींनी कपाळावर हात मारला. "मशीन मह्या दुकानात, म्हणून शिव्या बी मलाच. बियाणं उगवलं न्हाई तरी किशनलाल, निरोप उगवला न्हाई तरी किशनलाल."

सगळे हसले. वैशाली तेवढी हसली नाही. तिनं मधूला विचारलं, "रोज असंच होतं का?"

"निरोप तर बराबर येतो, दीदी," मधू म्हणाली. "मशीन लगेच जालन्याला कळवती, पोहोचला. पन तिच्यासमोर कोन बसून वाचून गेला, ते तिला काय माहीत?"

खरी गाडी तीनच दिवसांवर आलेली, अंतरवाली सराटीला जायची. तिथल्या बायांच्या गटाची पहिलीवहिली तोडणी. वैशालीचा चेहरा असा उतरला की मी तिला काही विचारलं नाही. आणि मी विचारत नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीर्थपुरीकडच्या जीपसाठी आम्ही वाटूर फाट्यावर उभ्या. तिथं बाबूराव नावाच्या गृहस्थांचं हॉटेल. आपल्याकडं हॉटेल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, दोन बाकडी, एक भट्टी आणि सुशीलाची परात. मुरमुरे भिजवून केलेली ती सुशीला मी दोन बश्या खाल्ली. तेवढ्यात एस.टी. थांबली आणि कंडक्टरनं बाकड्यावर डब्यांची रास उतरवली. खेड्यांतली मुलं शिकायला वाटूरला खोली करून राहतात, त्यांना घरून हे डबे येतात. कंडक्टरला एवढंच ठाऊक, की बाबूरावच्या हॉटेलात टाकायचे. कुठला डबा कुणाचा ते फडक्याच्या रंगावरून ओळखायचं.

अकरावीतली एक मुलगी आली, डबा उघडला आणि फणकारली. "काका, ह्यो महा डबा न्हाई. मह्या आईनं धपाटे दिले असते. यात पिठलं हाये."

"मंग पिठलं खा की," बाबूराव म्हणाले. "पोटाला काय कळतंय?"

"महा डबा कोणी नेला?"

"ते मला काय माहीत? तुह्या आईला मात्र म्या कंडक्टरबरोबर सांगून दिलं, डबा पोहोचला म्हणून."

"तुम्हाला पोहोचला! मला कुठं पोहोचला?"

मी तोंड घातलंच. "मग तुझ्या आईला खरं कसं कळणार गं?"

"कळतं की, आजी. संध्याकाळी डबा परत जातो ना. रिकामं भांडं कोणी परत धाडत असतं का? मी आपली चार बोरं टाकते, न्हाई तर शेंगा. बोरं आली म्हणजे पोरगी जेवली. आज नुसता धुतलेला डबा जाऊ द्या, मंग उद्या बघा आई या काकाला काय बोलते ते!"

बाबूरावांनी घाईघाईनं तिच्यासमोर एक बशी सुशीला ठेवली. "घे बाई घे. पैसे नको. आईला फक्त बोरं जाऊ दे."

वैशालीनं माझं मनगट धरलं. तुपाचंच. "मावशी, हॉटेल म्हणजे होस्ट! एंडपॉइंट ही पोरगी!"

"हळू बोल, ती पोरगी भिडस्त असेल."

"अगं, मी हॉटेलाचा पत्ता लिहून पोरीला जेवू घालायला निघाले होते! आणि डबा मिळाला असं हॉटेलवाल्यानं म्हणून कसं चालेल? ते जेवणारीनं म्हणायला पाहिजे!"

जीप आली. मागं बसायला जागा नव्हती, कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन मी पुढं बसले. वैशाली मागं उभी, आणि वाऱ्यावर एकटीच हसत होती.

तीर्थपुरी

तीर्थपुरीत माझी नणंद राहते, सुभद्राबाई. आम्ही पोहोचलो तो बाजाराचा दिवस. तिनं येसर घालून आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमच्या जालन्यातल्या घरी ते हळूहळू बंदच पडलं, कारण भाजत बसायला कुणाला वेळ नाही. तीन वाट्या प्याले.

वैशालीला भूक नव्हती. इथली मशीन शेजारच्याच घरी होती. वीज होती तोवर ती तिथून उठली नाही. वीज गेली तशी ओसरीवर येऊन आम्हा दोघींसमोर बसली, आणि नवे नियम सांगू लागली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आपलं आपल्याला कळत नाही, ते माझ्यावरच गेलंय तिचं.

"आता निरोपावर दोन नावं. एक घर, एक घेणारा. घर म्हणजे मशीन. निरोप आला की घरानं एवढंच म्हणायचं, माझ्या ओसरीवर आलाय. 'मिळाला' हा शब्द घरानं उच्चारायचाच नाही. तो घेणाऱ्याचा. घेणाऱ्यानं येऊन आपली खूण टाइप करायची, मगच निरोप उघडायचा आणि मगच जालन्याला 'मिळाला' जायचं. तोवर जालन्यानं गाडी सोडायची नाही."

"आणि घेणाऱ्याचं नाव कसं लिहिणार?" मी विचारलं.

"आधी घर, त्याच्या पोटात घेणारा. वाटूरचा विठ्ठल, अंतरवालीच्या कुसुमताई."

सुभद्राबाई शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखं. माहेरी एक नाव, सासरी गेलं की दुसरं. मही बालमैत्रीण मला चाळीस वर्षं शोधून राह्यली होती. सापडणार कशी? ती द्वारका म्हणून विचारायची, आणि द्वारका तर बोहल्यावरच संपली."

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नणंदेचं माहेरचं नाव द्वारका होतं, हे घरातल्या घरात मीच विसरले होते.

वैशाली मात्र एकदम ताठ बसली. "नाही, तसं नाही करायचं. घेणाऱ्याचं नाव घराला बांधायचंच नाही. घर हजारदा बदलो, नाव तेच राहील. सध्या कोण कुठल्या घरी आहे, तेवढं जालन्यानं लक्षात ठेवायचं."

"बघा," सुभद्राबाई मला म्हणाली, "मशीनीचं नशीब आपल्यापेक्षा बरं."

वीज आल्यावर ते सगळं लिहून झालं. आता प्रश्न असा की नवे नियम वाटूरला आणि जालन्याला पोहोचवायचे कसे? त्या चौकोनी फ्लॉप्या असायच्या ना, पातळ भाकरीएवढ्या नव्हे, पापडाएवढ्या, त्यांत ते सगळं मावलं होतं. सुभद्राबाईनं दोन पितळी डबे काढले. एकेक फ्लॉपी फडक्यात गुंडाळून आत घातली, आणि सकाळच्या एस.टी.नं एक डबा बाबूरावच्या हॉटेलावर किशनलालजींच्या सुनेसाठी, एक जालन्याच्या स्टँडवर ऑफिसातल्या वैशालीच्या सोबत्यासाठी धाडला. कंडक्टरनं डबा हलवून पाहिला. "काय हाये यात, वाजून राह्यलंय?"

"नियम," मी म्हटलं. "जपून ने."

दुपारी मधूचा फोन आला. डबा बाबूरावांकडून मिळाला, फ्लॉपी घातली, मशीन बराबर चालू. थोड्या वेळानं जालन्याचाही आला. वैशाली म्हणाली, आता अंतरवाली.

अंतरवाली सराटी

कापूस निघून गेलेला, पऱ्हाट्या उपटलेल्या, रानं रिकामी. त्यात मधेच मोसंबीच्या बागा हिरव्यागार, विहिरीच्या जिवावर. चौकात उतरलो. चहाच्या टपऱ्या, समोर किराणा दुकान. वैशाली सरळ वरच्या गल्लीत निघाली, कारण मशीन तिनं स्वतः तिथं बसवली होती. घराला कुलूप. मी खिडकीतून डोकावले. टेबल होतं, मशीन नव्हती.

पोरगी मटकन ओट्यावर बसली. जालन्याहून गाडीचा निरोप त्याच दिवशी निघायचा होता, आणि गाडी दुसऱ्या सकाळी.

"मशीन चोरीला गेली, मावशी."

"अगं, खेड्यात चोरी झाली असती तर एव्हाना तीन जणांनी आपल्याला सांगितली असती."

तेवढ्यात कुसुमताई आल्या. बायांच्या गटाच्या त्या प्रमुख. उंच, खणखणीत आवाज, कमरेला पदर खोचलेला. "तुम्ही इथं काय करून राह्यल्या? मशीन तर चौकात हाये, किराण्याच्या दुकानात. वरच्या गल्लीची विजेची डीपी जळून गेली. नवी कधी येईल देवाला माहीत. मंग आम्ही मशीन बैलगाडीत घातली, गोधडीवर निजवली आन् खाली आणली. दुकानात फोन बी हाये."

"अहो, पण जालन्याला कळवलं का नाही?" वैशाली जवळजवळ रडायलाच आली. "तिकडं जुनाच फोन नंबर आहे!"

"कळवायचं कशाला?" कुसुमताईंना खरंच कळेना. "मशीन हालली, गाव तर हाललं न्हाई ना? अंतरवाली तिथंच हाये. मीबी तिथंच हाये."

मला इतकं हसू फुटलं! जुने नियम असते तर जालन्याची मशीन त्या कुलपाला रात्रंदिवस शिट्ट्या घालत बसली असती, आणि गाडी रद्द झाली असती. वैशालीनंही माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखं झालं. "बरोबर आहे, कुसुमताई. तुम्ही तिथंच आहात. घर तेवढं बदललंय."

दुकानातून तिनं जालन्याला फोन लावला. कुसुमताईंचा गट आता या घरी, एवढंच सांगितलं. बाकी काही बदलावं लागलं नाही. मग नवी फ्लॉपी घातली आणि कुसुमताईंना म्हणाली, तुमची एक खूण ठरवा, कुणाला सांगू नका, माझ्या कानात सांगा. कुसुमताई तिच्या कानात बोलल्या. समोरच्या टपरीवाल्यानं तोच शब्द मोठ्यानं म्हणून दाखवला, त्यामुळं दुसरा शब्द ठरवावा लागला.

चौकात ही गर्दी. बाया टोपल्या घेऊनच आलेल्या. एक म्हातारे बाबा म्हणाले, "कुसुम, आजवर व्यापारी बागेच्या दारात यायचा. आता या खोक्याच्या भरवशावर बसून राह्यलीस. उद्या फळ खाली आन् गाडी न्हाई, मंग काय करशील?"

"मंग तुमच्या दारात ओतीन, बाबा. रस काढून प्या."

पण मी बघत होते, तिनं पदराचा काठ बोटाला गुंडाळून गुंडाळून घट्ट केला होता.

मशीननं शिट्टी घातली. खरखर झाली आणि सगळं गप्प. लाइन तुटली. बाबा खाकरले. पुन्हा शिट्टी, पुन्हा गप्प. वैशालीनं तार काढली, पुसली, दाबून बसवली. तिसऱ्यांदा शिट्टी लांबली, लांबली, आणि पडद्यावर अक्षरं आली. कुसुमताईंच्या गटासाठी निरोप आहे. घरी आला आहे. घेणाऱ्याची वाट पाहत आहे.

दुकानदार पुढं झाला. "दाबू का?"

"तू कोण दाबणारा?" कुसुमताईंनी त्याचा हात बाजूला सारला. "निरोप महा हाये." आणि एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, त्यांनी आपली खूण टाइप केली. निरोप उघडला. त्यांनी मोठ्यानं वाचला, "उद्या सकाळी गाडी येते. फळ तोडा." खाली जालन्याचं उत्तर उमटलं: कुसुमताईंना मिळाला, गाडी सोडतो.

बायांनी जो गलका केला, तो ऐकून टपरीवरचं दूध उतू गेलं.

सकाळी उजाडताच तोडणी सुरू झाली. मलाही कात्री दिली. देठ थोडा ठेवून कापायचं, ओढायचं नाही, नाहीतर साल फाटते. मी आधी दोन फळं ओढलीच. एक बाई म्हणाली, "आजी, तुम्ही गाणं म्हणा, तोडायचं आम्ही बघतो." गाडी आली तेव्हा तिचा भोंगा फाट्यावरनंच ऐकू आला. तळाला पाचट अंथरलं, आणि टोपलीमागून टोपली फळ चढत गेलं. बाबासुद्धा एक टोपली धरायला आले. गाडी भरली. ड्रायव्हरनं दोर आवळले, नारळ फोडला, आणि आजवर दुसऱ्याच्या नावानं जाणारं अंतरवालीचं फळ बायांच्या नावानं निघालं.

दुकानात फोन वाजला. साहेब होते. त्यांनी वैशालीला विचारलं, "काय, गाडीचं झालं का?"

वैशाली म्हणाली, "मी कशाला सांगू, सर? ज्यांनी घेतली त्यांनाच विचारा," आणि फोन कुसुमताईंच्या हातात दिला.

"हॅलो साहेब," कुसुमताई ओरडल्या. "भरली, निघाली! आन् वैशालीबाईंच्या मशीन उचलायची भाषा पुन्हा करू नका. अजून एका गाडीचं फळ झाडावर हाये. उद्या दुसरी धाडा!"

पलीकडून साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण कुसुमताईंनी फोन ठेवून हात वर केला. बायांनी टोपल्या उचलल्या आणि बागेकडं पळायलाच लागल्या.

"ए, थांबा गं!" कुसुमताई दुकानाच्या पायरीवरून गरजल्या. "साहेब नुसतं तोंडानं बोलून राह्यला! मशीनीवर येऊ द्या, मला घेऊ द्या, मंग तोडा!"

सगळ्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन चौकात उभ्या राहिल्या. मशीननं शिट्टी घातली. कुसुमताईंनी एक बोट पुढं काढलं.